तिच्या भिंतीवरचा बॅनर

आज डोकं लई फिरलंय, म्हणून लिहून राह्यले.

एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या घरी जाऊन मी रक्ताचे थेंब घेते. बोट टोचायचं, कागदी कार्डावर थेंब पाडायचे, अन् ते सावलीत पुरते वाळेपर्यंत तिथंच बसायचं. गोळ्या लागू पडल्या का, ते त्यावरून कळतं.

अंकुशनगरजवळच्या एका बाईच्या घरी मी शेजाऱ्यांसाठी तिची अंबडची मावसबहीण आहे. कार्ड वाळेस्तोवर आम्ही दोघी तूर निवडतो. शेजारीण येऊन गप्पा मारून जाते. कुणाला बिलकुल शंका न्हाई.

आज आमचे साहेब तिथं पाहणीला आल्ते. गाडी गावाबाहेरच ठेवा, असं मी त्यांना बजावलं होतं. मी आत कार्डाजवळ बसले होते, तेवढ्यात दारात गलका झाला. बाहेर येऊन बघते तर तिच्याच भिंतीला बॅनर. त्यावर एचआयव्ही, हातभर अक्षरांत. साहेब समोर उभं राहून फोटो काढून घेत होते अन् शेजारीण बॅनर वाचत होती.

मी बॅनर ओढून काढला. साहेब म्हणले, "अहो, वर फोटो पाठवावा लागतो. तुम्ही कशाला तापता?"

बाई भांडली न्हाई. मी निघाले तेव्हा ती एवढंच म्हणली, "ताई, रक्त न्या. पण आता बहीण म्हणून येऊ नका."

फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलाय. त्यात तिचं दार साफ दिसतंय. खाली सगळ्यांनी अंगठे टाकलेत.

मी काय टाकू, सांगा.