तांदळातली वायर

मंगळवारी आमचे शेजारी वारले. दुपारी वहिनींनी स्पीकरचं बटण बंद केलं.

"आवाजावरचा पडदा उठला का, मास्तर?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. असा एखादा शेजारी तुमच्याही आळीत असेल. महाडच्या स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर शुद्ध आवाजाचं वेड लागलं. अधूनमधून नवी वायर यायची, कॉम्प्युटर आणि स्पीकरच्या मध्ये बसायची, आणि भिंतीपलीकडून मला हाक यायची.

गाणं मात्र एकच. त्यांची थोरली बहीण तरुणपणी मार्चमध्ये चवदार तळ्यावरच्या सभेत गायली होती. ती गेल्यावर तिच्या आवाजाची एवढी एकच कॅसेट उरली. ती भाच्याने कॉम्प्युटरवर चढवून दिली होती. शेवटचं कडवं अजून मोकळं व्हायला हवं, असं ते म्हणायचे. सगळा खटाटोप त्या कडव्यासाठी.

"फाइल तीच आहे," मी म्हणायचो. "आत नुसते आकडे. ते चांदीच्या वायरीतून गेले म्हणून गाणं बदलत नाही."

"मास्तर, कान पुस्तकं वाचून तयार होत नाय."

आपल्याकडची दमट हवा वायरीत शिरते, याची त्यांना खात्री होती. पुरानंतर घरोघरी भिजलेले फोन तांदळात पुरले होते. हे नव्या वायरी पुरायचे.

एका संध्याकाळी ते डोळे मिटून बसले होते. "ऐका. टाळ्या वेगळ्या, ताई वेगळी. ही खरी वायर."

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. त्या मूळच्या तुडीलच्या. हातात तांदळाचं माप, मापातून वायर लोंबत होती.

"अवो, ही तर डब्यातच हाय. मंग तिकडं काय लावलंय?"

तिकडे प्रिंटरची जुनी वायर होती.

त्यांनी ती पाहिली. मग म्हणाले, "तांदूळ धुतले नाहीत ना?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "शेवटच्या कडव्यातले शब्द तुम्हाला कळतात?"

"कळतात की. पहिल्यापासून."

"प्रिंटरच्या वायरीतूनसुद्धा?"

"सुद्धा."

"मला नाय कळत," ते म्हणाले. "नुसत्या टाळ्या येतात."

वहिनींनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. श्रवणयंत्र त्यांनी परत केलं. म्हणाले, "डिजिटल आहे. त्यात आवाज खोटा होतो." यावर वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

त्यानंतर रोज संध्याकाळी, शेवटचं कडवं आलं की मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ताईंबरोबर ते शब्द म्हणायचो. मला सूर नाही. "ताईच्या मध्ये येताय," ते म्हणायचे, आणि कान तसाच पुढे ठेवायचे.

वायरी भाचा घेऊन गेला. कडवं मला पाठ आहे.