चौथ्या माळेचा पुकारा

गेल्या नवरात्रात चौथ्या माळेला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, अकोल्याच्या फौजदारी न्यायालयात शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला. त्या वेळी माझ्या नावाने अजामीनपात्र वॉरंट निघालेलं होतं आणि मी अनवाणी होते. असं वॉरंट आहे हे मला कळून एकोणतीस तास झाले होते.

मी अमरावतीत राहते. एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात सत्तावीस वर्षं काम करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नवरात्रात नऊ दिवस चपला न घालता पहाटे अंबादेवीला जायचं, ही सासूबाईंची रीत. त्यांच्यामागे मी ती चालू ठेवली. पण दोन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि त्यानंतर रीतच तेवढी उरली. देवीकडे मागण्यासारखं काही नव्हतं, आणि मागितल्याने काही मिळतं यावरचा विश्वासही गेला होता. गेल्या नवरात्रात दुसऱ्याच माळेला टाचेला भेग पडून रक्त आलं, तेव्हा यंदा इथेच थांबावं, असं मी ठरवत आणलं होतं. तिसऱ्या माळेला तरीही गेले. का गेले, ते सांगता येणार नाही.

बायकांच्या रांगेत माझ्या पुढे वलगावच्या पोलीस पाटलांच्या पत्नी होत्या. वलगाव माझं सासर. सासरे तिथे शिक्षक होते. त्यांच्यामागे घराला कुलूप लागलं आणि आमचं जाणं-येणं थांबलं. त्या बाईंनी वळून मला दोनदा निरखलं.

"तुमी आमच्या मास्तरायच्या सूनबाई ना?"

मी हो म्हटलं.

"म्हंजे जित्या हा तुमी. पोलीस विचारून गेले गावात, ह्या बाई हायत का वारल्या म्हणून."

"काहून?"

"वारंट हाय ना तुमच्या नावाचं. पकड वारंट. अकोल्याच्या कोर्टाचं. आमच्या ह्यायनं दोनदा लिहून देल्लं, मिळून येत नाही म्हणून. सरका पुढं, लाईन चालली."

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दर्शन कसं झालं ते मला आठवत नाही.

अकोल्याशी माझा संबंध एकदाच आला होता. सहा वर्षांपूर्वी बातमीच्या कामासाठी तिकडे जात होते. अकोल्याच्या अलीकडे काटेपूर्णेच्या पुलाजवळ चहासाठी गाडी थांबवली होती. एक मालट्रक पुढच्या बसला ओलांडताना चुकीच्या बाजूला आला आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर गेला. मोटारसायकलवरचा तरुण दवाखान्यात नेताना वारला. मी सगळं पाहिलं होतं. पोलिसांनी जबाब घेतला. 'राहणार?' असं विचारलं तेव्हा मी वलगाव सांगितलं. अमरावतीत अकरा वर्षं भाड्याच्या घरात राहत होते, तरी वलगावच सांगितलं. आमच्याकडे राहणार कुठले म्हटलं की माणूस गाव सांगतो, घर सांगत नाही. फोन नंबर दिला तो कार्यालयाचा, निवृत्त होताना ते सिमकार्ड परत केलं. एवढ्यावरून न्यायालयाचं साक्षीचं समन्स कुलूपबंद दारापर्यंत जात राहिलं आणि शेवटी वॉरंट निघालं. आणि मी मात्र, आपल्याला कुणी बोलावलं नाही म्हणजे खटला मिटला असेल, असं समजून निवांत होते. खरं सांगायचं तर बोलावणं आलं नाही याचं मला बरंच वाटत होतं.

घरी येऊन मोबाइलवर न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधलं. काही सापडलं नाही. तिथे पक्षकारांची नावं असतात. साक्षीदार हा पक्षकार नसतो, हे इतकी वर्षं न्यायालयाच्या बातम्या वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आरोपीचं नाव मला माहीत नव्हतं, खटल्याचा क्रमांक तर नाहीच. पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू तिथे जाऊच नको. महिनाभर माझ्याकडे ये. मी वकील बघतो, मग सावकाश हजर हो." संध्याकाळच्या गाडीचं आरक्षणही त्याने पाहून ठेवलं. मी बॅग भरायला घेतली, हे इथे लिहिलं पाहिजे.

दोन साड्या भरून झाल्यावर मी देवघरातल्या घटासमोर बसले. काही मागितलं नाही. "मला समजत नाही, तू ने तिकडे जाते," एवढंच म्हटलं. मग बॅग तशीच ठेवून निघाले आणि दुपारी दोन वाजता, ज्या ठाण्याकडे वलगावचं वॉरंट आलं होतं, तिथे पोहोचले.

टेबलामागे एक महिला हवालदार बसल्या होत्या. वय पस्तिशीचं. मी नाव सांगितलं, वॉरंटचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. टेबलाखाली त्यांचे बूट बाजूला काढून ठेवलेले होते. त्याही अनवाणी होत्या.

"साहेबायनं नऊ दिवस टेबलाचं काम देल्लं मले," त्या म्हणाल्या. "बसा काकू. घाबरू नका. स्वतःहून चालत येनारं वारंट मी पहिल्यांदा पाहून राहिली."

त्यांनी नोंदवही उघडली. खटला क्रमांक, न्यायालय, आणि तारीख. तारखेवर त्यांचं बोट थांबलं. दुसऱ्याच दिवसाची होती. त्यांनी अकोल्याच्या न्यायालयात काम पाहणाऱ्या पोलिसाला फोन लावला, तीन-चार मिनिटं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"काकू, बाकीचे दोन साक्षीदार फिरले. तुमी एकल्याच उरल्या. उद्या तुमी आल्या नाही तं सरकारी बाजूचा पुरावा बंद होते. शेवटची संधी देल्ली कोर्टानं. मंग तो डायवर सुटते."

मी भरलेल्या बॅगेबद्दल त्यांना सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. त्या हसल्या नाहीत.

"पुन्याले गेल्या असत्या तं मी काय केलं असतं? वारंट परत धाडलं असतं. आता सकाळी सातच्या बसनं निघू. मी हाय तुमच्यासंग."

साहेबांची परवानगी त्यांनी त्याच वेळी घेतली. भावाला मी कळवलं. तो चिडला. "अटक झाली तर मला फोन करू नको," म्हणाला. दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला आणि त्याने आधार कार्ड घ्यायची आठवण करून दिली.

चौथ्या माळेला सात वाजता आमची बस सुटली. हवालदार बाई साध्या कपड्यात होत्या. ओळखपत्र आणि वॉरंट पर्समध्ये. मूर्तिजापूरच्या पुढे, आठ पंचवीसला, बसमधून जळका वास आला आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, मागची बस पाऊण तासात येईल. ती आली, पण भरून आली आणि थांबलीच नाही. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. अकरा वाजता न्यायालय सुरू होणार होतं आणि अकोला अजून पस्तीसेक किलोमीटर होतं. ऊन चढलं होतं, डांबर तापलं होतं. आम्ही दोघी पाय उचलून उचलून ठेवत होतो. मी पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते. ते भीतीपोटी नव्हतं. आदल्या दिवशी मला न्यायालयात जायचं नव्हतं. त्या रस्त्यावर मात्र मला तिथे पोहोचण्यावाचून दुसरं काही नको होतं.

नऊ चाळीसला एक पिकअप गाडी स्वतःहून थांबली. आम्ही हातही केला नव्हता. शेंदूरजनाघाटची संत्री क्रेटमध्ये भरून अकोल्याला चालली होती. चालक पन्नाशीचा होता.

"नवरात्राच्या बाया दिसता. पाय भाजून राहिले न तुमचे. बसा."

कुठे जायचं ते त्याने विचारलं. हवालदार बाईंनी सरळ सांगून टाकलं. तो आळीपाळीने आमच्या दोघींच्या पायांकडे पाहत राहिला.

"दोघीबी अनवाणी. मंग यातली पोलीस कोनती अन् वारंटवाली कोनती?"

"तुमी समोर पाहून गाडी चालवा," हवालदार बाई म्हणाल्या, "नाहीतं दुसरं वारंट तुमचं."

फळबाजाराच्या मोंढ्याकडे वळायच्या ऐवजी त्याने आम्हाला न्यायालयाच्या फाटकाशी आणून सोडलं. दहा पन्नास झाले होते. मी त्याचं नाव विचारलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो निघून गेला.

भिंतीवर लावलेल्या कामाच्या यादीत आमचा खटला चौदावा होता. हवालदार बाईंनी सरकारी वकिलांना गाठलं. त्यांनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, मी तिथेच बाकावर बसून हाताने लिहिला. पुकारा झाला. मी उभी राहिले. न्यायाधीश महोदयांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता? मी जे होतं ते सांगितलं: राहण्याचा पत्ता विचारला होता, मी गाव सांगितलं. चूक माझी आहे. त्यांनी अर्ज वाचला, वॉरंट रद्द केल्याचं सांगितलं आणि सक्त समज दिली. मग लगेच, "साक्ष आजच घेऊ," म्हणाले.

आरोपीचे वकील पाऊण तास उलटतपासणी घेत होते. "वॉरंट निघालं तेव्हा तुम्हाला देव आठवला. अनवाणी येऊन न्यायालयाची सहानुभूती मिळवायची आहे का?" असं त्यांनी विचारलं. न्यायाधीश म्हणाले, "वकील साहेब, ट्रकबद्दल विचारा." त्यांनी ट्रकबद्दल विचारलं. तुम्ही चहा पीत होता, तुमची पाठ रस्त्याकडे होती? मी म्हटलं, चहा अजून यायचा होता आणि माझं तोंड रस्त्याकडे होतं. ट्रक कोणत्या बाजूला होता? चुकीच्या. ते मी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा तेच लिहिलं गेलं.

बाहेर आले तेव्हा बाकावरून एक म्हातारी उठून माझ्यासमोर आली. अंगावर धुवट पातळ, हातात औषधाची पिशवी. ती त्या तरुणाची आई होती. सहा वर्षं प्रत्येक तारखेला येत होती.

"तुमीच का त्या वलगावच्या बाई?"

"हो मावशी. मले माफ करा. उशीर झाला."

ती माझा हात धरून उभी राहिली. "पयले मी देवीले म्हने, त्या डायवरले शिक्षा कर. मंग दोन साक्षीदार फिरले. तवापासून त्याचं नाव घेनं सोडलं. यंदा घट बसले तसं रोज एकच म्हनून राहिली, आई, त्या बाईले धाडून दे. कुठं असन तिथून धाड."

हवालदार बाई तोंड फिरवून उभ्या होत्या.

रांगेत नेमकी ती बाई माझ्यापुढे का होती, पिकअप गाडी का थांबली, याची कारणं देता येतील. नवरात्रात वलगावच्या बायका अंबादेवीला येतातच. संत्र्यांचे दिवस होते आणि त्या रस्त्याने गाड्या जातातच. मी ती कारणं नाकारत नाही. इतकंच सांगते की त्या दिवसांत मला वाटत होतं, देवी मला संकटातून सोडवते आहे. सोडवायचं होतं ते मला नव्हतंच. दुसरं कुणीतरी केव्हाचं हाक मारत होतं आणि मला तिथे नेऊन उभं करायचं होतं. मी फक्त बॅग उचलली नाही. तेवढंही माझ्या बळावर झालं असं मी म्हणणार नाही. त्या उन्हात, अकोल्याच्या त्या पायऱ्यांवर, यजमान गेल्यापासून पहिल्यांदा मला मनापासून हात जोडावेसे वाटले, आणि मी ते जोडले.

उरलेल्या पाचही माळा मी अंबादेवीला गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर न्यायालय उघडलं. निकाल वाचला गेला तेव्हा मी हजर नव्हते. दुपारी अडीच वाजता मावशींचा फोन आला. ट्रकचालकाला दोषी ठरवण्यात आलं होतं.