नळीवरची नक्षी

भिलाईत पहिल्या भट्ट्या पेटल्या त्या वर्षांत माझ्या नवऱ्याला जुन्या दुनळी बंदुकांचं वेड लागलं. आठवडाभर कारखान्यात नवं पोलाद, आणि सुटीच्या दिवशी दुर्गापासून अहिवाऱ्यापर्यंत मालगुजार जमीनदारांच्या माळ्यावरचं जुनं लोखंड. मालगुजारी गेली होती, बंदुका तेवढ्या उरल्या होत्या. घरात ठेवायचं लायसन्स दोनचंच, म्हणून बाकीच्या नुसत्या पारखायच्या. लग्नाआधी मला एवढं निरखून पाहिलं असतंत तर बरं झालं असतं, असं मी म्हणायची.

पारखायची रीत ठरलेली. नळ्या लाकडापासून सोडवून दोरीला टांगायच्या आणि चमच्याने हलकेच ठोकायच्या. घंटेसारखा नाद आला तर नळ्यांमधला जोड शाबूत. बद्द वाजली, की हे मान हलवायचे. मग उजेडाकडे धरून नळीच्या आतले गंजाचे खड्डे शोधायचे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये भंडाऱ्याकडचे एक फोरमन राहायचे. सासऱ्यांची दुनळी त्यांच्या नावावर झाली, तशी दसऱ्याच्या तोंडावर नवराबायको ती घेऊन आमच्याकडे आले. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की हवेत एक बार काढायचा, ही त्यांच्या घरची चाल. ह्यांनी नळ्या टांगून ठोकल्या. बद्द वाजल्या. तो आवाज माझ्या मनातून जाईना.

नळीभर तपकिरी लाटांची सुंदर नक्षी होती. ह्यांनी त्यावर बोट ठेवलं. "वहिनी, ही नक्षी दिसली की समजायचं, धोका आहे. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी आहे ही, जुन्या काळ्या दारूपुरती. आजच्या काडतुसाचा जोर हिला सोसायचा नाही. पूजा करा आणि ठेवून द्या."

"तुमी म्हणता तं नाई उडवत, साहेब," फोरमन म्हणाले. पण त्यांचं तोंड पडलं. वहिनी त्या नक्षीकडेच बघत होत्या.

त्यानंतर रोज दुपारी त्यांच्या अंगणातून घासल्याचा खरखर आवाज यायचा. सणाची भांडी असतील, असं मला वाटलं. पण इतकी भांडी त्यांच्या घरात नव्हती.

दसऱ्याला हे ड्यूटीवर होते. मी सोनं द्यायला गेले, तर पाटावर हळदकुंकू लावलेली लखलखीत बंदूक. ही कोणती, मी विचारलं.

"तेच होय," वहिनी हसून म्हणाल्या. "भाऊजी म्हणे ना, नक्षीत धोका हाय? विटेच्या चुऱ्यानं घासून घासून काढून टाकली. एक रेघ ठेवली नाई."

फोरमननी बंदूक उचलली होती, काडतूस भरून ते अंगणात उतरतही होते. "अहो, थांबा," एवढं माझ्या तोंडून निघालं आणि बार झाला.

डाव्या हाताने नळी धरली होती. तो हात मनगटापासून गेला.

हे ड्यूटीवरून थेट दवाखान्यात आले. वहिनी बाकावरून उठल्या. त्यांची बोटं घासून घासून सोलली होती.

"खरं सांगा भाऊजी, लाकडाखाली थोडी राहून गेली असन का जी? तिथं माहा हात पुरत नोता."

बंदुकांवर तासन्‌तास बोलणारा हा माणूस खाली बघत राहिला. हो म्हटलं असतं तरी दोष त्यांच्याच पदरी पडला असता, आणि नाही म्हटलं असतं तरी.