गंगाधरमामाची मूठ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्या भावासोबत एका ताटात जेवून मोठा झालो त्यालाही नाही. एका माणसाला सांगायला गेलो होतो — पण त्याला सांगितलं असं म्हणता येत नाही, का ते पुढं येईलच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. सात वर्षं झाली.

मी क्रेन चालवतो. रस्त्यानं पळणारी चाकांची नाही — क्रॉलर क्रेन. खाली रणगाड्याला असतात तसे लोखंडी पट्टे, वर बूम, म्हणजे जाळीदार लांबलचक हात. ही क्रेन अखंड येत नाही. तुकडे तुकडे करून ट्रेलरवर येते आणि जागेवर जोडावी लागते. नुसती जोडायलाच चार-पाच दिवस जातात. आसपासच्या गावांतली माणसं बघायला येऊन उभी राहतात. मी पेडगावचा. आमच्या गावातून असल्या मशीनवर बसणारा मी पहिला. याचा मला — आता लपवून काय करू — लय गर्व होता.

पण वर बसलं की माणूस एकटा. काचेची केबिन, पाठीमागं इंजिन. खाली वीस माणसं कामाला असली तरी एकाचाही आवाज कानावर येत नाही. तुमच्याशी बोलतो तो एकच, सिग्नल देणारा. तो हातानं बोलतो. बोट वर करून फिरवलं की उचल, बोट खाली करून फिरवलं की सोड, मूठ आवळली की थांब. वॉकीटॉकी असतात, पण इंजिनच्या आवाजात खरखर सोडून काही कळत नाही. आमचा भरवसा हातावर. दिवसाचे आठ-दहा तास मी एका माणसाच्या हाताकडं बघत बसतो. बायकोच्या चेहऱ्याकडं तरी मी इतका वेळ कधी बघितलंय का?

तेव्हा गंगाखेडच्या अलीकडं नदीवर पुलाचं काम चालू होतं. सिग्नलवर गंगाधरमामा होता. राणीसावरगावचा, पन्नाशीतला, वाळक्या अंगाचा. कागदावरचं शिक्षण काही नाही. आधी मजुरीला आला, बघून बघून सिग्नल शिकला आणि असा शिकला की त्याचा हात वाचायला मला कधी जड गेलं नाही. सकाळी येताना दोघांची भाकर आणायचा. दुपारी हेल्मेट काढून वर बघायचा आणि हातानं घास तोंडात घातल्यासारखं करायचा — उतर, जेवू. अकरा महिने मी मामीच्या हातची भाकर खाल्ली. मामीला मी कधी बघितलंही नव्हतं.

मग या माणसाशी असं का वागलो? तेच सांगायचंय. तेच सांगता येत नाही.

मामा फार सांभाळून काम करायचा. फार म्हणजे फार. कोणी नुसतं जवळून गेलं की मूठ. वारा सुटला की मूठ. माल खाली टेकायला चार बोटं उरली की मूठ, मग स्वतः वाकून बघणार, मग परत बोट. दुसऱ्या क्रेनचा ऑपरेटर मला चिडवायचा, 'तू चालवायलास का तो म्हातारा चालवायलाय?' मी हसायचो. पण मनात ते साचत होतं. जे झालं त्याच आठवड्यात कोणी मोठे साहेब कामावर येऊन गेले होते. मी एक अवघड माल बसवताना त्यांनी बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'हात आहे का काय या पोराचा!' ते वाक्य मी दोन दिवस घोळवत होतो. सांगून ठेवतो, याला कारण म्हणून पुढं करत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात काय होतं एवढंच तुम्हाला कळावं.

दुपारच्या जेवणाआधीची वेळ. ट्रेलरवरून लोखंडी गर्डर उचलून बाजूच्या मोकळ्या जागेत ठेवायचा होता. खाली टेकायला लाकडी ओंडके मांडलेले. गर्डर खाली येत होता. पलीकडून इस्माईलभाई त्याला हातानं सरळ धरत होते. इस्माईलभाई आमचे खलाशी, म्हणजे मालाला दोर-साखळ्या बांधणारे, तो जागेवर बसवणारे. गंगाखेडचेच. गर्डरच्या आडोशामुळं मला ते दिसत नव्हते. मला दिसत होता तो फक्त मामाचा हात.

एक ओंडका तिरका झाला होता. तो इस्माईलभाई पायानं आत सारत होते. हे मला नंतर कळलं.

मामानं मूठ केली.

मी बघितली. नीट ऐका — मी बघितली. धूळ नव्हती, ऊन माझ्या डोळ्यांवर नव्हतं. हात खांद्याच्या वर, मूठ गच्च. आणि मला वाटलं, आता परत काय झालं याला? वीतभर तर राहिलंय. हातातला दांडा सोडला की माल जागीच थांबतो; मी दांडा सोडला नाही. गर्डर वीतभर खाली गेला.

मग समोर सगळ्यांची तोंडं उघडलेली दिसली. आवाज नाही. काचेपलीकडं माणसं ओरडत होती आणि मला इंजिनशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मामा दोन्ही हातांनी वर, वर, वर करत होता. मी गर्डर उचलला. केबिनमधून उतरलो तेव्हा इस्माईलभाईंना गाडीत घालायला लागले होते. बुटाकडं मी बघितलं नाही. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल — चूक झाली, माणसाकडून होते. हो. इथंच थांबलो असतो तर ती चूकच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या ऑफिसात आम्हा दोघांना बोलावलं. सुरक्षेचे साहेब टेबलामागं, मी आणि मामा शेजारी शेजारी उभे. इस्माईलभाईंची पाठ मामाकडं होती, बाकीचे लांब होते. तो हात बघणारा माणूस जगात मी एकटा. साहेबांनी मला विचारलं, सिग्नल काय होता?

"खाली सोडायचा होता, साहेब," मी म्हणालो.

ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघालं. नोकरी जाईल, लायसन जाईल, गावात काय तोंड दाखवू — हे सगळं त्या चार शब्दांच्या आधी डोक्यात येऊन गेलं असणार, पण मला आठवत नाही. आठवतं ते हे की मामा माझ्याकडं वळला. रागानं नाही. वाट चुकलेला माणूस जसा विचारायला वळतो, तसा.

"साहेब, मी मूठ केली होती," तो म्हणाला.

"नक्की?"

मामानं परत माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघत होतो.

"केली होती... असं वाटतंय मला. पण ऑपरेटर म्हणतो म्हंजे... त्यानं नीट बघितलं असंल."

बघा, स्वतःच्या खऱ्यापेक्षा माझ्या खोट्यावर त्याचा विश्वास जास्त. साहेबांनी लिहून घेतलं. मामाला त्याच दिवशी कामावरून काढलं.

भीतीनं बोललेलं खोटं. यालाही तुम्ही कदाचित काही नाव द्याल, भेकडपणा म्हणाल. खरं आहे. पण ज्याच्यासाठी मी सांगायला बसलोय ते अजून आलेलं नाही.

आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, मी गंगाखेडच्या खोलीवर कपडे धूत होतो. दारात मामा. दाढी वाढलेली. पाणी दिलं तर प्याला नाही. उंबऱ्यावरच बसला.

"प्रकाश, मी भांडायला आलो न्हाई. येकच इचारतो. तू डोळ्यानं बघितलंस. मला झोप लागंना. हात वर केलेला मला याद हाय, पर मूठ का बोट — आता माझं मलाच कळंना. खरं सांग. जे असंल ते. मी कुणाला सांगणार न्हाई."

खोलीत आम्ही दोघंच. साहेब नाही, कागद नाही. त्याला नोकरी परत नको होती. तो फक्त स्वतःचा हात मागायला आला होता. मी 'मूठ होती मामा' म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं? तो खरंच कोणाला सांगणार नव्हता. मला ते ठाऊक होतं.

मी हात पुसले. त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "मामा, बोटच होतं. तुमचं लक्ष चुकलं असंल. होतं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नका."

आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हे ते. पहिलं खोटं घाबरून बोललो. हे दुसरं शांतपणे, आवाजात माया आणून बोललो. माझ्या गुन्ह्याबद्दल मी त्याला माफ केलं. तो रडला. मी त्याला रडू दिलं. जाताना म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." आणि गेला.

त्यानंतर मी लांबची कामं घेत राहिलो. गुजरातेत पवनचक्क्या उभारल्या, कर्नाटकात एका कारखान्याची धुराडी. जिथं कोणी मराठी बोलत नाही तिथं मला बरं वाटायचं. सिग्नलवर नवा माणूस, नवा हात. मूठ दिसली की मी असा थांबतो की खालची माणसं हसतात. लोक म्हणतात, ऑपरेटर असावा तर असा. ऐकून घेतो.

गावी आलो की आईसोबत विहारात जातो. पंचशील घेताना सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज असतो. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी नुसते ओठ हलवतो. शेजारी आई असते. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तिला कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी गंगाखेडवरून एसटीनं जाताना खिडकीतून मला ते दोघं दिसले. स्टँडजवळ फळांचा गाडा. स्टुलावर इस्माईलभाई तराजू धरून, एक पाय नकली. गाडा लावत होता गंगाधरमामा. नंतर जुन्या ओळखीच्या एकाकडून सगळं कळलं. मामा रोज राणीसावरगावहून सकाळच्या गाडीनं येतो. गाडा ढकलत आणतो, दिवसभर थांबतो, संध्याकाळी ढकलत नेऊन ठेवतो, इस्माईलभाईंना घरी सोडतो आणि मग आपल्या गावाला जातो. पहिल्यांदा त्यांच्या दारात जाऊन 'माझ्या हातानं तुमचा पाय गेला' म्हणाला, तेव्हा इस्माईलभाईंच्या घरच्यांनी त्याला हाकललं होतं. तो रोज जात राहिला. आता दोघांचे डबे एकात एक मिसळतात. ईदला मामाच्या घरचे तिकडं, दिवाळीला ते इकडं.

माझ्या वाट्याचं सगळं त्यानं उचललं होतं. आणि त्यातून त्याला एक भाऊ मिळाला. मला काय मिळालं? पण हे विचारायचा मला अधिकार तरी आहे का?

मागच्या थंडीत मी गंगाखेडला उतरलो. ठरवून उतरलो. इस्माईलभाईंनी लांबूनच ओळखलं, "अरे प्रकाश! ये की रे, बैस!" मामानं मला मिठी मारली आणि चहा आणायला निघाला. मी त्याच्या मागं गेलो. चहाच्या टपरीशी त्याला धरलं आणि एका दमात बोलून टाकलं, "मामा, त्या दिवशी तुमी मूठच केली होती. मी बघितली होती. मी थांबलो न्हाई. सायबापुढं खोटं बोललो, अन् तुमी खोलीवर आलता तवाबी."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हसला — अगदी मऊ.

"प्रकाश, तुझं मन लय मोठं हाय. मला बरं वाटावं म्हणून सोताच्या अंगावर घ्यायलास."

"न्हाई मामा, खरंच..."

"राहू दे. माझ्याकडून झालं, मी कबूल केलं, इस्माईलभाईनं माफ केलं. आता आमचं बरं चालू हाय. परत असं बोलू नगस." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

इस्माईलभाई दहा पावलांवर होते. तिथं जाऊन मोठ्यानं सांगता आलं असतं. शपथ घेता आली असती. मामाला हलवून हलवून सांगता आलं असतं. मी यातलं काही केलं नाही. आणि तेवढ्यावर संपत नाही — त्यानं खरं धरलं नाही म्हणून मला हलकं वाटलं. छाती मोकळी झाल्यासारखं. सांगूनही झालं आणि वाचलोही.

इस्माईलभाईंचा चहा मीच नेऊन दिला. ते म्हणाले, "येत जा रे. जुनी माणसं आता कोण विचारतंय." मी हो म्हणालो. गाडी लागली तेव्हा त्यांनी दोन पेरू निवडून हातात कोंबले. मामा खिडकीखाली उभा राहून हात हलवत होता.

परभणी यायच्या आत मी दोन्ही पेरू खाल्ले. गोड होते.