पाळकसाहेबांनी ताट उचललं

"ए बाई, ऊठ. ही पंगत जुन्या घरांची आहे!"

मार्थाबाई ओरडत होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पंचांची बायको. आवाज असा, की त्यांनी डोंबिवलीत मानपाड्याला तोंड उघडलं तर तिकडे कोलशेतच्या खाडीतले बगळे उडावेत. ईस्टरचं प्रीतिभोजन चाललेलं. उपासना झाली की सगळ्या मंडळीने एकत्र जेवायचं, म्हणून ते प्रीतिभोजन. फक्त आमच्याकडे प्रीती दोन पंगतींत वाढायचे. आधी जुनी घरं, चार पिढ्यांची ख्रिस्ती. मग आम्ही, गावाकडे वेशीबाहेरचे, इथे कालचे. जुन्या घरांना कोणी मूळचे कोण म्हणून विचारत नसे. आम्हाला बाप्तिस्म्याच्या आधी विचारलेलं आणि पाण्यातून वर आल्यावर पुन्हा एकदा, मधल्या वेळात काही बदललंय का बघायला.

बसलेली होती माझी आई. पाळकसाहेबांनीच "या मावशी, इथे बसा" म्हणून शेजारची जागा दाखवलेली. आईला ते खरं वाटलं.

खरं का वाटू नये? साहेब दर शुक्रवारी आमच्या खोलीवर प्रार्थनेला यायचे ते जेवूनच जायचे. आईचा मटणाचा रस्सा असा, की येशूने चौथ्या दिवशी थडग्यातून उठवलेला लाजर एवढा थांबलाच नसता, वासानेच दुसऱ्या दिवशी उठून भाकरी मागितली असती. साहेब बोटं चाटायचे. आईच्या ताटातला कांदा उचलून खायचे. पण त्या दिवशी ठाण्याहून मोठ्या मंडळीचे पाहुणे आलेले.

मी वाट बघत होते. आता साहेब बोलतील. एक शब्द बास होता.

साहेबांनी ताट उचललं. पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसले. आईकडे बघितलंसुद्धा नाही.

आई उठली. वाढलेलं ताट पदराखाली झाकून भिंतीशी उभी राहिली, दुसऱ्या पंगतीची वाट बघत. मी तिच्या बाजूला. कंपनीत सुपरवायझरला उभा रडवणारी मी. इथे भिंतीला पाठ लावून.

पुढे साहेबांनी बायबलमधल्या पौलाच्या पत्रांवर प्रवचनं सुरू केली. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राशी आले. कृपा कमवावी लागत नाही, विश्वास ठेवला की माणूस मोकळा, असं सगळं छान चाललेलं. मग येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट आली. पेत्र परजातीच्या लोकांबरोबर जेवायचा. यरुशलेमहून आपली माणसं आली, तसा घाबरून वेगळा बसायला लागला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. सांगता सांगता साहेबांचा रुमाल निघाला. पेत्राच्या भित्रेपणावर त्यांनी एवढं पाणी गाळलं, की उल्हास नदीला पूर यावा.

मी हसले. मोठ्याने.

सगळी मंडळी वळली. साहेब थांबले. आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. त्यांना ताट आठवलं. मला ते दिसलं. त्यांनी पान उलटलं आणि पुढचा अध्याय सुरू केला.

तोवर मला वाटायचं, दुसरी पंगत म्हणजे आपल्या विश्वासाची परीक्षा. नम्र राहायचं. पण पौलाने जेवायला बसलेल्यांना कुठे सांगितलं, जरा समजून घ्या म्हणून? त्याने उठून जाणाऱ्याला धरलं.

कापणीच्या सणाला पुन्हा प्रीतिभोजन. मी आईचा हात धरला आणि दोघी पहिल्या पंगतीत बसलो, थेट साहेबांच्या शेजारी. मार्थाबाईंनी तोंड उघडलं. बगळे उडाले असणार.

मी म्हटलं, "कृपेला नंबर लावायचा असतो, हे कुठल्या पत्रात लिहिलंय? वाढा."

कोणी वाढलं नाही. वाढणारे आमची दोन ताटं सोडून पुढे गेले. सगळी पंगत जेवली. आम्ही रिकाम्या ताटांपुढे बसलो. उठलो नाही. साहेबही या वेळी उठले नाहीत. जेवले मात्र. खाली मान घालून, सावकाश.

संध्याकाळी खोलीवर आले. आईने चहा ठेवला. साहेब समजावत राहिले. लोकांना वेळ द्यायला हवा, मंडळी फुटेल, स्वातंत्र्य मिळालं म्हणून ते लगेच वापरलंच पाहिजे असं थोडंच आहे. शेवटी म्हणाले, "रविवारी जेवण आहे, मावशी. थोडे दिवस मागे बसाल ना?"

आईने कप त्यांच्यापुढे सरकवला.

"नाही," ती म्हणाली. "पुढेच बसणार."