मुठीतली जागा

धान कापताना आईच्या डाव्या हातात विळा गेला. गोंदियाच्या डॉक्टरने बोटं वाकवणारी तुटलेली शीर शिवली, सुजेच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, सूज राहिली तर शीर चिकटेल, बोटं आखडतील. आईने त्या गोळ्या कंबर धरलेल्या कापणीच्या बायांना वाटून टाकल्या. मी भडकले, तर म्हणाली, "दुखून नाही राहिलं, त कायले खाऊ?"

बोटं हळूहळू मिटत गेली. कापताना मुठीत जेवढं धान धरतात, तेवढीच जागा सोडून थांबली.

परवा धानाच्या बांधीत मी तिच्या मुठीतल्या त्या जागेत चार काड्या खोचल्या. परत ओढल्या, तर निघेनात. मूठ आवळत होती. आई तिकडे तळ्याकडे बघत होती. म्हणाली, "मी नाही धरून राहिली."