सॅक शिवणारी मावशी खिंडीत पोहोचली

शाळेच्या मागच्या गल्लीत, छापखाना आणि किल्लीवाल्याची टपरी यांच्या मधोमध, एक शिलाई मशीन आणि एक माणूस जेमतेम मावेल एवढं दुकान होतं. बॅगा, सॅका, तंबूची कापडं, काहीही फाटलं की लोक तिथे आणून टाकायचे. दुकानवालीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला किल्लीवालासुद्धा.

दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी युवक मंडळाची पोरं तिच्या दारात सॅकांचा ढीग घालायची. मंडळ पाच दिवस डोंगरात जायचं, पाठीवर तंबू, भांडी, शिधा सगळं घेऊन. बावीस वर्षं मावशी त्या सॅका शिवत होती. कुठल्या सॅकेचा कुठला पट्टा आधी दगा देणार, हे मालकाच्या आधी तिला कळायचं. "दगड भरून नेता की काय रे?" असं खडसावत ती मशीनवर पाय मारायची.

डोंगर तिने रोज पाहिला होता. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना घरांच्या पलीकडे एक निळसर रेघ दिसायची. त्या रेघेपर्यंत मुद्दाम चालत जावं, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्या वर्षी निघायला चार दिवस उरले असताना मंडळाच्या नर्सबाई पाय मोडून बसल्या. बारा वर्षं कडे-कपारी चढून ज्यांना खरचटलंही नव्हतं, त्या न्हाणीघरात घसरल्या. मुली बरोबर असतील तर एक मोठी बाई हवीच, असा मंडळाचा नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भूगोलाचे सर दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. मंडळ तेच चालवायचे.

"मावशी, एक विचारायचं होतं."

"सगळ्या झाल्यात, सर. त्या निळीची चेन तेवढी राहिलीय."

"सॅकेचं नाही. तुमचंच विचारायचं होतं. येता का आमच्याबरोबर?"

मावशीला हसू आवरेना. "सर, बावन्न वर्षांची आहे मी. दोन जिने चढले की धाप लागते मला."

"चौथ्या मजल्यावर राहता तुम्ही. आणि तुमची लिफ्ट वर्षभर बंद आहे."

निळी सॅक न्यायला आलेली मुलगी तिथेच उभी होती. सोळा वर्षांची, ताडमाड उंच, म्हणून सगळे तिला शिडी म्हणायचे. मावशी आली नाही तर शिडीसकट पाच मुली घरी राहणार होत्या. शिडीने आर्जव केलं नाही की तोंड पाडलं नाही. ती फक्त सॅकेची अर्धवट बसवलेली चेन मागे-पुढे सरकवत राहिली. दिवसभर मावशीचं कामात लक्ष लागलं नाही.

नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. जेवताना तिने विषय काढला.

"अहो, मी गेले तर?"

"जा की," तो म्हणाला. "डोंगरात तुझं काही होत नाही. इथे पाच दिवस माझ्याच हातचं खाऊन माझं काय होतंय, ते बघ."

पहिल्या दिवशी जंगलातली चढण होती आणि मावशीने स्वतःला मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या. टाचेला फोड आला. पाठीवरचं ओझं दर वळणाला वाढतंय असं वाटायला लागलं. पोरं मात्र पुढे चालता चालता भांडत होती, खिदळत होती, आणि कुणाला न सांगता आळीपाळीने तिच्या मागे थांबत होती. तिला दम लागला की मागच्याच्या बुटाची नाडी सुटायची. चार वेळा नाडी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं. पाचव्यांदा ती न थांबता चढली.

दुसऱ्या दिवशी एका ओढ्यापाशी सगळ्यात लहान मुलीच्या सॅकेचा पट्टा तुटला. मावशीने खिशातून दाभण आणि मेण लावलेला दोरा काढला, खडकावर बसली आणि वीस मिनिटांत पट्टा पुन्हा जोडला. शिवता शिवता ती बाकीच्यांकडे बघत होती. कुणी ओझं एका खांद्यावरून झोकून ओढ्यापलीकडे उतरवत होतं, कुणी कपारीला पाठ घासत खाली येत होतं. बावीस वर्षं ज्या फाटलेल्या जागा तिने पोरांच्या निष्काळजीपणाच्या खात्यात टाकल्या होत्या, त्या अशा फाटत होत्या तर!

"सर," ती म्हणाली, "मी चुकीच्या जागी जाड शिवत होते इतकी वर्षं."

तिसऱ्या दिवशी खिंड होती. सकाळी निघाले तेव्हा आभाळ मोकळं होतं; वर पोहोचेपर्यंत सगळं धुक्यात गेलं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसावीत, असं धुकं. सरांनी सगळ्यांना एका मोठ्या खडकाच्या आडोशाला बसवलं आणि बजावलं, "कुणीही जागचं हलायचं नाही. वाट दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही." मावशी पाच मुलींच्या मधे बसली. थंडी हाडांत शिरत होती. तिने सगळ्यांचे हात आपल्या हातांत घेऊन एकेक करून चोळले. पहिला तास पोरांनी कोडी घातली. दुसऱ्या तासाला कोडी संपली. पलीकडे काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं. फक्त खूप खालून, पाणी वाहत असावं तसा आवाज येत होता.

मग वारा फिरला.

आधी समोरचे दगड दिसले, मग डावीकडून खाली उतरणारी वाट. आणि मग धुकं एखाद्या चादरीसारखं घसरत खाली गेलं आणि मावशीच्या पायापासून दोन हातांवर जमीन संपली. दरी इतकी खोल होती की तळातली नदी तिला दोऱ्याएवढी वाटली. समोर एक काळा कडा उभा होता, आणि त्याच्या माथ्यावर पांढरा ढग टेकला होता.

"केवढा डोंगर!" मावशी पुटपुटली.

"मावशी, अजून वर बघा," शिडी म्हणाली.

तिने मान वर केली. तो ढग नव्हता. तो बर्फ होता, आणि डोंगर तिथून पुढे सुरू होत होता. तिने मान आणखी वर केली, आणखी वर केली, एवढी की डोक्यावरची टोपी मागे पडली, तरी डोंगर संपेना. जिथे फक्त आभाळ असायला हवं होतं, तिथेही तोच होता.

समोरच्या उतारावरून बर्फाचा एक पांढरा धागा सुटला आणि आवाज न करता खाली घरंगळत गेला. तो थांबला, आणि मग गडगडाट आला. तिने दोनदा श्वास घेतला तरी तो संपत नव्हता. मग दरीतून एक मोठा पक्षी तरंगत गेला, त्यांच्या पायांच्याही खालून. मावशीला त्याची पाठ दिसली. पसरलेल्या पंखांवरून ऊन सरकत होतं. पक्ष्यांची पोटं तिने जन्मभर पाहिली होती. उडत्या पक्ष्याची पाठ बावन्नाव्या वर्षी पाहिली.

तिला वाटलं, आपण दुकानात चेनी बसवत होतो, किल्लीवाल्याशी पायरीवरून भांडत होतो, तेव्हाही हे इथे असंच चाललेलं होतं. कुणी बघावं म्हणून नाही. या विचाराने तिला एकदम फार लहान वाटलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. उलट छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. शिडीचा हात तिच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

"रडताय?" शिडीने हळूच विचारलं.

"वारा लागतोय डोळ्यांना," मावशी म्हणाली. "तुलाही लागतोय वाटतं."

"हो," शिडी म्हणाली.

सरांनी हाक मारली, पोरं उठली आणि एकामागे एक पलीकडे उतरू लागली. मावशी सगळ्यात शेवटी निघाली, कारण तिचे पाय निघेनात.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती घरी पोहोचली. नवऱ्याने दार उघडलं. तो जरा वाळलेला दिसत होता. "कसं होतं?" त्याने विचारलं. तिने सांगायला तोंड उघडलं. ओढा सांगितला, फोड सांगितला, धुकं सांगितलं. खिंडीपाशी येऊन ती अडली.

"तिथे ना," ती म्हणाली, "जागा खूप आहे हो."

त्याने मान डोलावली आणि पाणी तापवायला ठेवलं.

त्यानंतर मावशी आणखी पाच वेळा मंडळाबरोबर गेली. सॅकांना ती आता पाठीकडून दुहेरी कापड लावते आणि कुणाला दगडांबद्दल विचारत नाही. गेल्या वर्षी गुडघ्यांनी पुढच्या चढणीला साफ नकार दिला, तेव्हा ती पहिल्या मुक्कामापर्यंतच गेली आणि नवऱ्यालाही घेऊन गेली. पोरं वर गेली. ती दोघं तंबूबाहेर चहाचे पेले घेऊन बसली. तिथून खिंड दिसत नाही, झाडंच दिसतात. तरी ती त्याला बोटाने दाखवत होती, "तिकडे, बरं का. नाही, अजून वर."